जमाखर्चाच्या वहीतली माणसे

महात्मा फुल्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली निघाले. ते त्यांनी कुणाला अर्पण केले, हे आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना जरा विचारून बघा. बरीच मुले गप्प बसतील. जोतीरावांनी ते अर्पण केले अमेरिकेतल्या लोकांना, काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या भल्या माणसांना. तेव्हा अमेरिकेत कायद्याने गुलामगिरी संपून अवघी आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या जोतीरावांना ती सातासमुद्रापलीकडची गोष्ट आपल्या घरची वाटली.

त्या गुलामगिरीबद्दल आपण भाषणांतून पुष्कळ ऐकतो. छळ झाला, फटके मारले, बाजारात विकले. सगळे खरे आहे. पण हे कुठे लिहिलेले आहे आणि कुणी लिहिले, असे विचारले की बोलणारा अडखळतो. वाचकहो, या लेखात आम्हाला तेवढेच सांगायचे आहे. हा पुरावा गुलामांनी फारसा लिहिलेला नाही. त्यांना अक्षर शिकवणे हाच दक्षिणेकडच्या कित्येक राज्यांत गुन्हा होता. पुरावा लिहिला तो विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी. धंदा होता ना तो! धंदा म्हटला की जमाखर्च आला, विमा आला, जकात आली, कोर्टकचेरी आली.

या कागदांवरूनच आज अभ्यासकांनी हिशेब मांडला आहे. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली. पलीकडे जिवंत उतरली एक कोटी सात लाखांच्या आसपास. मधली अठरा लाख समुद्रात गेली. यांतली बहुतेक माणसे ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेली. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आली ती चार लाखांच्या आतबाहेर. पण १८६० साली तिथे गुलाम किती होते? जवळजवळ चाळीस लाख! हे कसे झाले, तर व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ सालीच कायदा करून टाकला होता, की आई जी असेल तेच मूल. आई गुलाम तर पोर जन्मतःच गुलाम, मग बाप कुणी का असेना. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याची ही रीत काय असते, ते आपल्या वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको.

आता एकच वही उघडून बघू. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स बंदरातून सप्टेंबर १७६४ मध्ये 'सॅली' नावाचे जहाज निघाले. मालक चार ब्राउन बंधू, निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस. कप्तान ईसेक हॉपकिन्स. जहाजात मुख्य माल रम, सतरा हजार गॅलनच्या वर. कॅरिबियन बेटांवर गुलाम ऊस पिकवीत, त्या उसाची काकवी ऱ्होड आयलंडला येई, तिची दारू गाळली जाई आणि त्या दारूवर आफ्रिकेत आणखी गुलाम घेतले जात. असे हे चक्र. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे राजे आणि दलालही या व्यवहारात होते, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना द्यायच्या नजराण्यांचीसुद्धा नोंद वहीत आहे.

हॉपकिन्सने कित्येक महिने किनाऱ्यावर घालवून एकेक दोन-दोन करीत १९६ माणसे विकत घेतली. वहीत रम किती गेली आणि बदल्यात काय आले, ते ओळीने लिहिलेले. पुरुष एक, बाई एक, मुलगा एक. पुढे मरणाच्या नोंदी सुरू होतात आणि त्यांना अनुक्रमांक दिलेले आहेत. त्यांत अगदी सुरुवातीलाच एक बाई आहे, तिने जहाजाच्या तळमजल्यावर गळफास लावून घेतला. कोण होती, कुठल्या गावची, घरी मुले होती का, वहीला त्याच्याशी कर्तव्य नाही. ऑगस्ट १७६५ मध्ये जहाज किनारा सोडून निघाले आणि आठवडाभरात, २८ तारखेला, कैदी उठले. कप्तानाने गोळ्या घातल्या, आठ जण गेले. त्यानंतर, कप्तानच लिहितो, बाकीच्यांनी जगण्याची इच्छाच सोडली. कुणी समुद्रात उड्या घेतल्या, कुणी अन्न टाकले. अँटिग्वाला पोहोचून विक्री होईपर्यंत निदान १०९ माणसे मेलेली होती. उरलेल्यांना भाव आला नाही. मालकांना तोटा झाला.

आम्ही या वहीविषयी वाचले तेव्हा सगळ्यात जास्त खटकले ते तिचे नीटनेटकेपण. तिच्यात राग नाही, शिवी नाही. वाण्याच्या खतावणीत गूळ-शेंगदाण्याच्या नोंदी असतात तशा माणसांच्या नोंदी. आणि एवढ्या पानांत नाव एकाचेही नाही.

पुढची हकिगतही बघण्यासारखी आहे. कप्तान हॉपकिन्स दहा वर्षांनी, १७७५ साली, स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या अमेरिकेच्या आरमाराचा पहिला मुख्य सेनापती झाला. भावांपैकी मोझेसला पश्चात्ताप झाला. त्याने १७७३ साली आपले गुलाम मोकळे केले आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जन्मभर भांडला. जॉनने धंदा सोडला नाही. १७९४च्या कायद्याखाली १७९७ साली त्याच्यावर खटला होऊन त्याचे 'होप' हे जहाज जप्त झाले. त्यांच्याच घराण्याचे नाव मिरवणाऱ्या ब्राउन विद्यापीठाने २००३ साली समिती नेमली आणि २००६ साली अहवाल काढून विद्यापीठाचा आणि गुलामांच्या पैशाचा संबंध जगापुढे ठेवला. आपल्या संस्थेच्या मुळाशी काय पुरले आहे ते स्वतः उकरून दाखवायला धाडस लागते.

अमेरिकेची राज्यघटनाही या बाबतीत वाचावी. १७८७ साली लिहिलेल्या मूळ घटनेत गुलाम हा शब्दच नाही. 'अशा व्यक्ती' वगैरे आडवळणाने लिहिले आहे. पण त्याच घटनेत त्या 'व्यक्तीं'ची आयात १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही असे कलम आहे, आणि प्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब आहे. शब्द टाळला म्हणून गोष्ट टळत नाही.

१ जानेवारी १८०८ पासून आयातबंदी आली. कागदावर! आतल्या आत विक्री चालूच राहिली. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माणसे न्यायची तर कप्तानाने जकातीच्या कचेरीत यादी द्यायची, तिच्यात नाव, वय, उंची, रंग, मालक कोण. आणि वर शपथ घ्यायची की यांतले कुणी १८०८ नंतर बाहेरून आणलेले नाही. चोरून आयातही होत होती.

हा सगळा खोटेपणा कागदोपत्री उघडा पाडला तो डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या विद्वानाने. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय, साल १८९५. त्यांचा प्रबंध १८९६ साली पुस्तकरूपाने आला. विषय हाच, अमेरिकेत येणारा गुलामांचा व्यापार कायद्याने कसा बंद झाला आणि प्रत्यक्षात कसा झाला नाही. वसाहतींचे कायदे, संसदेचे कागद, आरमाराचे अहवाल, सगळे त्यांनी चाळले. चोरट्या आयातीचा त्यांचा आकडा पुढच्या अभ्यासकांनी बराच खाली आणला. पण कापसात पैसा होता म्हणून कायदा झोपवला गेला, हे त्यांचे म्हणणे कुणाला खोडता आले नाही.

या ड्यू बॉइस यांना जुलै १९४६ मध्ये भारतातून एक पत्र गेले. लिहिणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेव्हापासून या प्रश्नावर त्यांची नजर होती. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांना कळले होते. अस्पृश्यांच्या वतीने असाच अर्ज करण्याचा विचार चालू असल्याने त्याच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागवल्या. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्याच्या ३१ तारखेला उत्तर दिले. बाबासाहेबांचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि भारतातल्या अस्पृश्यांविषयी आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यांनी कळवले. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने जपून ठेवला आहे. दोन पंडित एकमेकांकडे मागतात काय, तर कागद!

पण सगळ्याच गोष्टी कागदावर येत नाहीत. चोरट्या व्यापाराचा कागद कोण ठेवील? १८२० पासून या धंद्याला फाशीची शिक्षा होती, तरी फाशी गेला एकच माणूस, कप्तान नॅथॅनिएल गॉर्डन, फेब्रुवारी १८६२ मध्ये. त्याच्या 'एरी' जहाजावर ८९७ माणसे सापडली होती, त्यांत निम्मी मुले. त्यांना सोडवून उतरवले लायबेरियात. अमेरिकेतल्या मोकळ्या काळ्यांना आफ्रिकेत धाडून देण्यासाठी वसवलेला तो देश. हे लोक काँगोकडचे, त्यांना तोही परकाच.

जुलै १८६० मध्ये अलाबामातल्या मोबाईलजवळ 'क्लोटिल्डा' जहाजातून सुमारे ११० माणसे रात्रीच्या अंधारात उतरवली आणि पुरावा नको म्हणून जहाज जाळून टाकले. मोकळे झाल्यावर त्या लोकांना घरी आफ्रिकेत परतायचे होते, भाड्याला पैसे नव्हते. मग राबून, पैसे साठवून त्यांनी जमीन घेतली आणि आफ्रिकाटाउन वसवले. त्यांतल्या कुजो लुइस या म्हाताऱ्याने आपले खरे नाव, कोसोला, शेवटपर्यंत सांभाळले. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने १९२७ साली त्याच्याकडून सगळी कथा ऐकून घेतली. ती पुस्तकरूपाने छापायला २०१८ साल उजाडले. जहाजाची गोष्ट थाप आहे असे म्हणणारे पुष्कळ होते. २०१९ साली मोबाईल नदीच्या गाळात जळके जहाज ओळखले गेले. म्हातारी माणसे ओट्यावर बसून सांगतात ते सगळेच भाकड नसते.

आज अमेरिकेतले काळे कुटुंब आपले पूर्वज शोधायला लागले की १८७० सालाशी अडते. १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. मालकाचे नाव पूर्ण, त्याच्याखाली नुसते वय, लिंग, रंग. आपल्याकडे कित्येकांच्या आजोबांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर अंदाजाने टाकली. तिथे नावाचाच पत्ता नाही. १८७० च्या खानेसुमारीत ही माणसे प्रथमच नावानिशी आली.

त्या भिंतीपलीकडे बघायला एक खिडकी मिळाली ती बुडालेल्या बँकेची. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ साली 'फ्रीडमन्स बँक' निघाली आणि १८७४ साली बुडाली. गोरगरिबांची पै-पैसा केलेली पुंजी गेली. पण सही न येणारा खातेदार ओळखता यावा म्हणून कारकुनांनी विचारून लिहून घेतले होते, जन्म कुठला, आईबाप कोण, भावंडे किती, जुना मालक कोण, त्याचा मळा कुठे. पैसा पुरता परत आला नाही, नातवंडा-पणतवंडांना आजीचे नाव मात्र त्या रजिस्टरात सापडते.

आणि वर्तमानपत्रे. लढाई संपल्यावर काळ्यांच्या वर्तमानपत्रांत 'माहिती हवी' म्हणून जाहिराती येऊ लागल्या. न्यू ऑर्लिन्सच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात १८७९ पासून असे सदरच होते. आई मुलांना शोधते आहे, भाऊ बहिणीला. मला अमक्याने तमक्याला विकले, शेवटची भेट अमक्या साली, तेव्हा धाकटी अंगावर पीत होती. वर्गणीदारांना फुकट, बाकीच्यांना पन्नास सेंट. वाचता न येणाऱ्यांना कळावे म्हणून उपदेशकांनी ती पत्रे चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवावीत, अशी विनंती सदरावर छापलेली असे. अधूनमधून माणूस सापडल्याचे पत्रही येई, पण फार थोडी. शोधणाऱ्यांची पत्रे मात्र विसावे शतक उजाडले तरी येतच होती.