बालाघाटाला सुळका नाही

जुलै १९८०. तुम्ही सिएटलच्या एका अंधाऱ्या सभागृहात बसला आहात. सिग्राफ या संगणक-चित्रवाल्यांच्या अधिवेशनात दोन मिनिटांची एक फिल्म लागते, ‘व्होल लिब्र’. कॅमेरा डोंगररांगांवरून पाखरासारखा उडत जातो, आणि त्यातला एकही डोंगर पृथ्वीवर कुठे नाही. बोइंगमध्ये नोकरी करणाऱ्या लॉरेन कार्पेंटरने ते नुसत्या गणितातून उभे केले आहेत. एक त्रिकोण घ्यायचा, तिन्ही बाजूंचे मध्य काढायचे, प्रत्येक मध्य मनाला येईल तसा थोडा वर किंवा खाली सरकवायचा. एकाचे चार त्रिकोण झाले. आता त्या चारांवर पुन्हा तेच. फिल्म संपते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. लुकासफिल्मची माणसं त्याला लगेच आपल्याकडे ओढतात.

टाळ्या तुम्हीही वाजवता, पण तुमची अडचण सुटलेली नाही. तुम्हाला रेंडर करायचा आहे, म्हणजे संगणकावर चितारायचा आहे, तो तुळजापूरचा बालाघाट, सोलापूरकडून येताना समोर आडवा दिसतो तो. पडद्यावरचे सुळके रॉकीजच्या जातीचे. बालाघाटाला सुळका नाही. माथा सपाट, उतारावर पायऱ्या, क्षितिजाची कड पट्टीने मारल्यासारखी. मध्यबिंदू कितीही वेळा सरकवले तरी हा डोंगर त्यातून पडणार नाही. अजूनही नव्या टेरेनचं बटण दाबलं की बहुतेक वेळा शिखरंच उगवतात. ज्यांनी ही साधनं घडवली त्यांच्या डोळ्यांसमोर तेच डोंगर होते, दुसरं काय!

तेव्हा मागे चला. सहा कोटी साठ लाख वर्षं.

तुळजापूरची घाटशीळ अजून नाही, देवळातलं गोमुख नाही. १८ अंश उत्तर हा अक्षांशसुद्धा इथे यायचा आहे, कारण तुमच्या पायाखालचा भारत अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि हळूहळू वर सरकतो आहे. हवेत गंधकाचा वास. जमिनीच्या भेगांमधून लाव्हा येतो. ज्वालामुखी म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा शंकू इथे दिसत नाही. लाव्हा पातळ आहे, तो पसरतो, सपाट होतो, थिजतो. मग मोठी शांतता. थराचा माथा हवेने, पावसाने कुजतो, कधी त्याची लाल माती होते. तिच्यावर पुढचा लोट. भाकऱ्यांची चवड लागावी तसे थर चढत जातात.

इथे थांबून नीट बघा, कारण तुमच्या अख्ख्या देखाव्याची किल्ली इथे आहे. प्रत्येक थराचं पोट घट्ट आणि कठीण. माथा बुडबुड्यांच्या छिद्रांचा, ठिसूळ. संगणकाला डोंगराचा आकार सांगत बसू नका. त्याला कोष्टक द्या: अमुक उंचीपासून तमुक उंचीपर्यंत कठीण, त्यावर थोडं मऊ, पुन्हा कठीण. आणि मग पाऊस सोडा.

पाऊस सोडण्याची विद्या १९८९ मध्ये समोर आली. केन मसग्रेव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कार्पेंटरच्या डोंगरांसारख्या फ्रॅक्टल डोंगरांवर पाणी वाहवून त्यांची झीज करून दाखवली. थेंब उताराला लागतो, वेग घेतो, माती उचलतो, वेग मंदावला की टाकतो. तुम्ही ते प्रत्यक्ष अनुभवायला कोट्यवधी वर्षं भराभर पुढे सरकता. मऊ थर आत खाल्ला जातो, वरचा कठीण थर लोंबकळतो, तुटतो, कडा मागे हटतो. पायरी तयार होते. तुमच्या डाव्या खांद्यावर पडलेला थेंब तेरणेकडे जातो, पुढे मांजरा, गोदावरी. उजव्या खांद्यावरचा बोरी नदीला मिळून नळदुर्गाच्या बाजूने भीमेकडे. बालाघाट हा गोदावरी आणि भीमा यांच्यातला जलविभाजक आहे. झीज दोन्ही अंगांनी नीट चालली, तर हे दोन संसार रेंडरमध्ये आपोआप वेगळे होतात. तुम्हाला नदी हाताने काढावी लागत नाही.

१८१५ मध्ये जरासं डोकवा. तुळजापूरच्या पूर्वेला, दीडशे किलोमीटरच्या पलीकडे, बिदरजवळ दामरगिद्याला, हिंदुस्थानची मोजणी करणाऱ्या विल्यम लॅम्टनची माणसं जमिनीवर पायारेषा मोजताहेत. अक्षांश जवळजवळ हाच, १८ अंश ३ मिनिटं. त्यांचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा, आणि त्यांच्या कामाचा आकारही त्रिकोणच. फरक एवढाच की इथे मध्यबिंदू मनाला येईल तसा सरकवता येत नाही. लॅम्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, त्रिकोण मोजता मोजताच.

फेब्रुवारी २०००. घाटशिळेपाशी उभे राहा आणि वर बघा. काही दिसत नाही, ऐकू येत नाही. २३३ किलोमीटरवरून ‘एन्डेव्हर’ यान जातं आहे, त्याच्या कुशीतून ६० मीटर लांब दांडा बाहेर काढलेला. यानात एक अँटेना, दांड्याच्या टोकाला दुसरी. एकच रडार-प्रतिध्वनी दोन जागी ऐकायचा आणि त्यातल्या फरकावरून उंची काढायची. ढग असो, रात्र असो, त्याला पर्वा नाही. अकरा दिवसांत पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची गोळा झाली. बालाघाट त्यातच आला.

त्या उंचींची फाइल तुम्ही आज फुकट उतरवून घेता. एक अंश बाय एक अंशाचा चौकोन, ३६०१ गुणिले ३६०१ आकडे, जेमतेम २६ एमबी. इथे दोन खोड्या आहेत. चौकोन पूर्ण अंशावर कापलेले असतात आणि १८ अंशाची रेषा तुळजापूरला खेटून जाते. म्हणजे शिवण नेमकी गावाच्या पायाशी. शेजारच्या दोन चौकोनांची कडेची ओळ सामाईक असते; ती एकदाच घ्यायची, नाहीतर माळावर एक सरळ व्रण उमटतो. दुसरी खोडी जास्त लबाड आहे. आकडे तीस-तीस मीटरवर घेतलेले आणि पूर्ण मीटरमध्ये लिहिलेले. त्यामुळे लाव्ह्याच्या खऱ्या पायऱ्या बोथट होतात, आणि सपाट पठारावर एक-एक मीटरच्या खोट्या पायऱ्या उगवतात. म्हणून फाइल फक्त ठेवणीसाठी वापरा. पायऱ्या मघाच्या कोष्टकातूनच येऊ द्या.

तुळजापूरच्या देवीचं मंदिर या फाइलमध्ये शोधू नका. महाद्वारातून पायऱ्या उतरत उतरत तुम्ही देवीकडे जाता, पण तीस मीटरच्या जाळीला ती वाट म्हणजे दोन-चार आकडे. रडारने तर छपरं आणि झाडंही जमीन समजून मोजली आहेत. मंदिराचं दगडकाम हा वेगळा कारागिरीचा विषय. त्याला स्वतंत्र वेळ द्या. गवताला मात्र आत्ताच द्या. तयार झाडांच्या संचातले पाइन काढून टाका, कडुनिंब आणि बाभूळ लावा, उतारावर कुसळी पेरा.

शेवटी कोजागरीची रात्र. सोलापूर-तुळजापूर रस्ता, देवीला पायी निघालेल्या माणसांनी भरलेला. तुम्ही त्यांच्यातून चालता आहात आणि मनात एक्स्पोजरचं गणित आहे. पुनवेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद. त्याला निळा रंग देऊ नका. चांदणं उन्हापेक्षा किंचित तांबूसच असतं, निळं ते आपल्या डोळ्याला वाटतं. निळाई द्यायचीच तर चित्र झाल्यावर, शेवटी द्या.

खरी पंचाईत माणसांच्या हातातल्या बॅटऱ्यांची. त्यांच्यासाठी कॅमेरा लावला तर डोंगर काळा होतो, डोंगरासाठी लावला तर माणसं पांढरे ठिपके होतात. मी तरी माणसं निवडीन. इतकी मेहनत घेतलेल्या पायऱ्या दिसणार नाहीत, न दिसोत. आकाशाला लागलेली ती आडवी कड कोष्टकातून आलेली आहे आणि सोलापूरकडचा कुणीही ती ओळखेल. शिवण कॅमेऱ्याच्या पाठीमागे ठेवा, अंधाऱ्या भागात दाणे दिसतील म्हणून प्रत्येक पिक्सेलमागचे नमुने वाढवा, आणि रेंडर लावून झोपा. सकाळपर्यंत होईल.