विजापूरचा नजराणा

तंबाखूचा विषय निघाला की निपाणी-चिकोडीकडचा माणूस जरा सावरून बसतो. कुणाचे शेत, कुणाची वखार, कुणाच्या आईची विड्या वळण्यात गेलेली हयात. या पानाचा इतिहास आपल्याकडे आवाज चढवून सांगता येत नाही. पण त्यातले एक मोठे प्रकरण आपल्याच मुलखातून सुरू होते.

1604-05च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतला. त्याच्या नजराण्यात रत्नजडित नळी होती आणि तंबाखू होती. पोर्तुगीजांबरोबर आलेले हे पान विजापुरात तोवर रुळले होते, आग्र्याच्या दरबारात मात्र ते नवलाचे. बादशहाने दोन-चार झुरके घेतले आणि हकीम आडवा आला. आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, अशी त्याची हरकत. असद बेग म्हणाला, कोणतीही चाल पहिल्यांदा नवीच असते. बादशहाने स्वतः ती सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी हात पुढे केले आणि व्यापाऱ्यांचे फावले. 1617 साली जहांगीराने बंदी घातली. तिचे काय झाले ते दिसतेच आहे!

हकिमाची शंका रास्त होती, आधार मात्र लंगडा. ग्रंथात नाही ते माणसांच्या तोंडात पाहावे लागते. मद्रासला डॉ. निब्लॉक यांनी 1902 साली गालाच्या कर्करोगाचा संबंध विडा चघळण्याशी जोडला. मुंबईत 1941 साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी 1945 साली बी. सूर्याबाई यांच्यासह एक निबंध लिहिला. त्यात तीन कर्करोग तीन चालींना चिकटवून दाखवले होते. बिहारात चुना-तंबाखू खालच्या ओठात धरतात, तिथे ओठाचा. आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात घेऊन ओढतात, तिथे टाळूचा. आणि धोतराची गाठ वर्षानुवर्षे घट्ट घासते तिथे, कमरेच्या कातडीचा. या तिसऱ्याचा तंबाखूशी काही संबंध नाही, आणि मला तोच सर्वांत बोलका वाटतो. रोग कपाळी लिहिलेला नसून रोजच्या वागण्यात दडलेला असू शकतो, हे त्या गाठीने दाखवले.

चुन्याचे काम आपल्याला ठाऊक असावे. त्याने निकोटिन मोकळे होऊन लवकर भिनते. म्हणून तर चिमूट 'लागते'. कर्करोग घडवणारी नायट्रोसामाइन्स मात्र पान सुकवताना, मुरवताना तयार होतात. सुपारीही निर्दोष नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली नुसत्या सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले.

निपाणीत 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला आणि गोळीबारात माणसे मेली. तिथल्या वखारींत धुराळ्यात राबणाऱ्या बायकांवर 1982 साली 'युगांतर' गटाने लघुपट केला. त्यांचे म्हणणे मजुरीचे आणि माणुसकीच्या वागणुकीचे होते. पोटापुढे छातीतल्या धुळीचा हिशेब कोण मांडणार?

गोव्याने 2005 साली कायदा करून गुटखा बंद केला, महाराष्ट्राने 2012 साली, कर्नाटकाने 2013 साली. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसरीत, ही पळवाट लगेच निघाली. आमच्या आज्या-मावश्यांची मिसरी तर कुठल्याच दुकानाची नव्हे. पान तव्यावर काळे होईतो भाजायचे, कुटायचे आणि दातांना लावून बसायचे. सिगारेटच्या पाकिटावर इशाऱ्याचे चित्र असते. मिसरीची डबी कोरीच असते.