नृसिंहवाडीत अक्षरे किती? पायथन २ ते पायथन ३

नृसिंहवाडी या नावात अक्षरे किती? आपण मराठी माणसं बोटांवर मोजतो: नृ, सिं, ह, वा, डी. पाच. (बोलताना आपण नरसोबाची वाडीच म्हणतो, ते सोडा.) पण हेच नाव युटीएफ-८ मध्ये लिहून पायथन २ ला साधी लांबी विचारली, तर उत्तर येई ३०.

असं का? गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली पायथन प्रसिद्ध केली, तेव्हा मजकूर म्हणजे बाइटांची रांग होती. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, त्यामुळे तिकडे कुणाचं अडलं नाही. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार हीही स्वतंत्र चिन्हं. आपल्या नावात अशी १० आहेत. नावाचा चार बाइटांचा तुकडा काढला की 'न' पुरता येई, ऋकाराचा मात्र एक तृतीयांशच.

२००० साली आवृत्ती २.० मध्ये युनिकोड आला, पण वेगळा मागून घ्यावा लागे. दोन्ही जातींचा मजकूर एकत्र केला की घोळ. इंग्रजी नावांवर तपासलेला प्रोग्राम बिनतक्रार चाले आणि पहिलं मराठी नाव येताच कोसळे. आमच्या मते खरा त्रास हाच: चूक दडून बसायची आणि भोगायची मात्र आपण.

३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आली. मजकूर म्हणजे युनिकोड, बाइट निराळे. लांबी १०. त्यासाठी जुने प्रोग्राम मोडतील हे जाणूनबुजून पत्करलं. लोक इतके रेंगाळले, की जुन्या आवृत्तीचा आधार २०१५ ऐवजी १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवावा लागला. फक्त इंग्रजीत काम करणाऱ्याला ही कटकटच वाटली असेल. आपलं तसं नव्हतं.

नंतरच्या छोट्या आवृत्त्यांतही आपला लाभ आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची मोडी दफ्तरं आहेत. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली जून २०१४ मध्ये. पायथन ३.४ ला मोडीतला 'क' दाखवून 'हे अक्षर आहे का?' विचारलं तर ती 'नाही' म्हणते. २०१५ ची ३.५ 'हो' म्हणते.

तरी १० म्हणजे पाच नव्हेत. नृ, सिं, ह असं मोजायला आजही वेगळं साधन जोडावं लागतं.