ब्रॅम फिशर यांची सनद

जानेवारी 1965 च्या अखेरच्या आठवड्यात जोहान्सबर्गच्या न्यायालयात एक आरोपी हजर झाला नाही. त्याच्या जागी त्याचे पत्र आले. खटला चालू असताना जामिनावर सुटलेला आरोपी पळून जाणे ही कोणत्याही न्यायालयाला नवलाची गोष्ट नव्हे. परंतु हा आरोपी त्याच न्यायालयांतील अग्रगण्य वकिलांपैकी एक होता. आपल्या पलायनाने न्यायालयाचा अवमान करण्याचा आपला हेतू नाही, असे त्याने आपल्या वकिलाला कळविले होते. ज्या कायद्यांच्या आधारे आपला न्याय होणार आहे ते कायदेच अन्याय्य आहेत आणि त्यांना विरोध करणे हे आपले कर्तव्य आहे, असा त्या पत्राचा आशय होता.

अब्राम, म्हणजे ब्रॅम फिशर यांचा जन्म 1908 चा. त्याच वर्षाच्या जानेवारीत गांधीजींनी ट्रान्सवालमध्ये पहिला तुरुंगवास भोगला होता. फिशर यांचे घराणे मात्र सत्तेच्या पलीकडच्या बाजूचे. आजोबा ऑरेंज रिव्हर कॉलनीचे पंतप्रधान, वडील ऑरेंज फ्री स्टेटच्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. ब्लूमफाँटेनच्या या आफ्रिकानर कुळातील, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेल्या तरुणाने न्यायाधीशपद वा मंत्रिपद मनात आणले असते, तर ते त्याच्यापासून दूर नव्हते. तो कम्युनिस्ट पक्षात गेला. 1950 च्या कायद्याने त्या पक्षावर बंदी आली, आणि तीन वर्षांनी पक्ष गुप्तपणे पुन्हा उभा राहिला तेव्हाही फिशर त्याच्यासोबत राहिले. दिवसा खाणकंपन्यांचे मोठमोठे दावे चालवायचे आणि रात्री बेकायदा पक्षाचे काम करायचे, असे हे दुहेरी आयुष्य होते. त्यांच्या सचोटीविषयी मात्र विरोधकांनाही शंका नसे.

1963–64 च्या रिव्होनिया खटल्यात नेल्सन मंडेला, वॉल्टर सिसुलू, अहमद कथराडा आदींच्या बचावाचे नेतृत्व फिशर यांच्याकडे आले. ते त्यांनी काहीशा अनिच्छेने स्वीकारले. यामागे भित्रेपणा नव्हता. ज्या शेतावर पोलिसांनी छापा घातला, तेथे ते स्वतः जात असत. तेथील नोकर साक्षीला आले, तर ते वकिलाकडेच बोट दाखविण्याची भीती होती. म्हणून अशा साक्षींच्या दिवशी ते न्यायालयात आलेच नाहीत. बचावाचा वकील आणि न पकडलेला आरोपी एकच, असा हा विलक्षण प्रसंग होता. 12 जून 1964 रोजी फाशी टळून जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. दुसऱ्याच दिवशी मोटार अपघातात त्यांच्या पत्नी मॉली बुडून मरण पावल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत फिशर अपिलाविषयी विचारण्यासाठी रॉबेन बेटावर गेले. मंडेलांनी मॉलीची चौकशी केली, तेव्हा त्यांनी तोंड फिरविले आणि काही न सांगता ते परतले. झालेला प्रकार मंडेलांना नंतर एका तुरुंगाधिकाऱ्याकडून कळला.

सप्टेंबरमध्ये फिशर यांना अटक झाली. लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे एक व्यापारी दावा चालवायचा होता, त्यासाठी दहा हजार रँडच्या जामिनावर त्यांना परदेशी जाऊ देण्यात आले. तिकडेच राहा, असे मित्रांनी परोपरीने विनविले. दिलेल्या शब्दासाठी ते परत आले. आणि दोन-अडीच महिन्यांतच त्यांनी तोच शब्द मोडला.

येथेच या चरित्रातील खरा पेच आहे. जोहान्सबर्गच्या बार कौन्सिलने अवघ्या काही दिवसांत त्यांचे नाव वकिलांच्या यादीतून कमी करण्यासाठी अर्ज केला. हा घाईचा घाव, आणि तोही आयुष्यभराच्या सहकाऱ्यांकडून आलेला, त्यांच्या फार जिव्हारी लागला. अकरा वर्षांपूर्वी, 1954 मध्ये, लॉ सोसायटीने मंडेलांची सनद काढून घेण्याचा असाच प्रयत्न केला होता. तेव्हा न्यायालयाने तो फेटाळला. आपल्या लोकांच्या हक्कांसाठी कायदा मोडणाऱ्याच्या वर्तनात अप्रामाणिक असे काही नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. विशेष म्हणजे तेव्हा बार कौन्सिलचे अध्यक्षच मंडेलांच्या बाजूने मोबदला न घेता उभे राहिले होते. फिशर यांच्या वेळी ते औदार्य उरले नाही. न्यायालयाला दिलेला शब्द मोडणे हा निराळा दोष आहे, हे खरे. वकिलीचा सारा व्यवहार त्या शब्दावरच चालतो. परंतु 1963 च्या कायद्याने कोणालाही आरोपाशिवाय, वकिलाची भेटही न देता नव्वद दिवस कोंडून ठेवता येत होते. त्या काळात शब्दभंगाचा हिशेब फक्त वकिलाकडूनच मागणे कितपत न्याय्य होते? नोव्हेंबर 1965 मध्ये न्यायमूर्ती क्वार्टस द वेट यांनी त्यांचे नाव यादीतून काढले. रिव्होनियाचे निकालपत्र याच न्यायमूर्तींचे.

भूमिगत अवस्थेतील साडेनऊ महिन्यांत फिशर यांनी वजन घटविले, रूप पालटले, नाव बदलले. तरीही त्याच महिन्यात ते जोहान्सबर्गमध्येच सापडले. मार्च 1966 मध्ये आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेल्या निवेदनात त्यांनी क्रूगर या आफ्रिकानर पूर्वजाच्याच स्वातंत्र्यवचनाची आठवण दिली. आफ्रिकानरांमधील एका माणसाने तरी उघडपणे नकार दिला पाहिजे, हे त्यांना आपल्या समाजाला सांगायचे होते. 9 मे रोजी जन्मठेप झाली.

तुरुंगात 1971 मध्ये मुलगा पॉल यांच्या मृत्यूची वार्ता आली. अंत्यविधीला जाण्याची परवानगी मिळाली नाही. 1974 मध्ये कर्करोगाने ग्रासलेले फिशर पडले. मांडीचे हाड मोडल्याचे निदान व्हायलाही विलंब लागला. रुग्णालयातून ते परत कोठडीत आले तेव्हा त्यांना बोलताही येत नव्हते. सहबंदी डेनिस गोल्डबर्ग यांनी त्यांची शुश्रूषा केली. बाहेरून दडपण वाढल्यावर त्यांना ब्लूमफाँटेनला भावाच्या घरी नेण्यात आले, पण ते घरही सरकारी आदेशाने तुरुंगच ठरविले होते. 8 मे 1975 रोजी तेथेच ते वारले.

लंडनच्या इनर टेंपलने 1922 मध्ये काढलेले गांधीजींचे नाव परत दाखल व्हायला 1988 उजाडले. फिशर यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या संसदेला 2002 मध्ये कायदा करावा लागला, आणि ऑक्टोबर 2003 मध्ये त्यांचे नाव मरणोत्तर यादीत परत आले. ज्या आर्थर चास्कलसन यांनी 1965 मध्ये त्यांच्या सनदेसाठी युक्तिवाद करण्यात साह्य केले होते, ते तेव्हा देशाचे सरन्यायाधीश होते. फिशर यांची रक्षा दहनानंतर तुरुंग खात्याने स्वतःकडे मागून घेतली होती. ती पुढे कोठे गेली, याचा पत्ता लागलेला नाही.