चार्ल्स आणि एमा डार्विन : एका घरातील श्रद्धा आणि संशय

१/ ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्ड येथे बिशप विल्बरफोर्स आणि टॉमस हक्सली यांच्यात उत्क्रांतीवरून खडाजंगी झाली. विज्ञान आणि धर्म यांच्या संघर्षाची कथा सांगताना ही सभा हटकून आठवली जाते. चार्ल्स डार्विन मात्र त्या सभेला हजरच नव्हता. श्रद्धेचा जो प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला, तो त्याच्या घरातला होता. त्याची पत्नी एमा निष्ठावान ख्रिस्ती होती. त्याची स्वतःची श्रद्धा हळूहळू विरत गेली. त्यांच्या ४३ वर्षांच्या संसाराविषयीचा हा थ्रेड.

२/ तरुणपणी डार्विन पाद्री होण्याच्या वाटेवर होता. १८२८ ते १८३१ या काळात तो केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात शिकला. त्या काळी केंब्रिजची पदवी हवी असेल तर आपण चर्च ऑफ इंग्लंडचे सदस्य असल्याचे जाहीर करावे लागे. बायबलमधील शब्दन् शब्द खरा आहे याविषयी त्याला तेव्हा शंका नव्हती. पुढे बीगल जहाजावर नीतीच्या प्रश्नावर तो बायबलचा आधार देई, तेव्हा जहाजावरचे काही अधिकारी त्याला हसत. आणि ते स्वतः सनातनी ख्रिस्ती होते!

३/ ऑक्टोबर १८३६ मध्ये बीगल परतले. त्यानंतरची दोन वर्षे डार्विनने धर्माचा पुष्कळ विचार केला. आत्मचरित्रात तो सांगतो की, जुना करार हा हिंदूंच्या धर्मग्रंथांहून अधिक विश्वासार्ह मानण्याचे कारण त्याला दिसेना. देवाने आज हिंदूंना नवा साक्षात्कार घडवला, तर तो विष्णू आणि शिव यांच्यावरील श्रद्धेशी जोडलेला असू देईल काय? मग ख्रिस्ती धर्म तरी जुन्या कराराशी का जोडलेला असावा? हा प्रश्न त्याच्या मनातून जाईना. चमत्कारांवरचा विश्वासही डळमळू लागला.

४/ एमा वेजवुड ही त्याची मामेबहीण. तिचा जन्म २ मे १८०८ चा; चार्ल्सपेक्षा ती नऊ महिन्यांनी मोठी. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेजवुड घराण्यातली ही धाकटी लेक. या घराण्यावर युनिटेरियन पंथाचा प्रभाव होता. त्रैक्याचा सिद्धांत न मानणारा आणि विवेकाला मान देणारा असा हा पंथ. एमाची श्रद्धा आंधळी नव्हती. ती बायबल स्वतः वाचून, विचार करून मानणारी होती. म्हणूनच ती सहज हलणारीही नव्हती.

५/ या श्रद्धेमागे एक दुःखही होते. एमाची पाठची मोठी बहीण फॅनी १८३२ मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारली. दोघींची जोडी जुळ्यांसारखी होती. परलोकात फॅनी पुन्हा भेटेल, हा एमाचा मोठा आधार होता. त्यामुळे 'मरणानंतर काय?' हा तिच्यासाठी केवळ धर्मशास्त्राचा प्रश्न नव्हता. आपली माणसे आपल्याला पुन्हा भेटतील की नाही, असा तो प्रश्न होता.

६/ लग्नापूर्वी चार्ल्सला वडिलांनी एक सल्ला दिला. डॉ. रॉबर्ट डार्विन हे नावाजलेले वैद्य आणि मनाने अश्रद्ध. त्यांनी बजावले : आपल्या शंका पत्नीपासून काळजीपूर्वक लपव. त्यांनी अनेक घरे आतून पाहिली होती. प्रकृती ठीक असेतो संसार सुरळीत चालतो. पण आजारपण आले की नवऱ्याच्या आत्म्याला मुक्ती मिळेल की नाही या चिंतेने पत्नी झुरते आणि तिच्याबरोबर नवराही.

७/ चार्ल्सने हा सल्ला मानला नाही. ११ नोव्हेंबर १८३८ रोजी त्याने एमाला मागणी घातली आणि त्या सुमारासच मनातल्या शंकाही तिला सांगितल्या. एमाने पत्र लिहून त्याच्या मोकळेपणाबद्दल आभार मानले. मात्र आपल्या दोघांत एक दुःखदायक पोकळी राहील अशी भीतीही कळवली. तिने एकच मागणे मागितले : योहानाच्या शुभवर्तमानातील येशूचा शिष्यांना केलेला निरोपाचा उपदेश वाचावा. २९ जानेवारी १८३९ रोजी मेअर गावच्या चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला.

८/ विवाहानंतर काही आठवड्यांतच एमाने चार्ल्सला आणखी एक पत्र लिहिले. दोघे लंडनमध्ये एकाच घरात राहत होते, तरीही हे तोंडाने बोलणे तिला जड गेले असावे. तिचा मुद्दा आजही विचार करण्याजोगा आहे. सिद्ध झाल्यावाचून काहीही न मानण्याची सवय विज्ञानामुळे जडते. ज्या गोष्टी त्या रीतीने सिद्ध होऊच शकत नाहीत, त्यांच्या बाबतीतही तीच सवय मनावर राज्य करत नसेल ना, असे तिने विचारले.

९/ तिने त्याला दोष दिला नाही. जो मनापासून सत्याचा शोध घेतो, तो चुकीच्या वाटेवर असूच शकत नाही, असे तिला वाटत होते. मात्र तिला नेहमीच तसे वाटत नसे. आपण दोघे एकमेकांचे कायमचे नाही असे वाटले तर आपल्याला फार दुःख होईल, हे तिने स्पष्ट लिहिले. 'कायमचे' या शब्दात मरणानंतरचे आयुष्यही सामावलेले होते.

१०/ एमाने या पत्राचे उत्तर मागितले नव्हते आणि चार्ल्सचे लेखी उत्तर उपलब्ध नाही. पण ते पत्र त्याने जन्मभर जपून ठेवले आणि त्यावर स्वतःच्या हाताने एक टीप लिहिली. आपल्या मृत्यूनंतर ती वाचली जावी, याच हेतूने. या पत्राचे आपण अनेकदा चुंबन घेतले आणि त्यावर अश्रू ढाळले, एवढेच तिला कळावे, अशा अर्थाची ती टीप आहे. तो तिला पटवून देऊ शकत नव्हता आणि तिचे मानूही शकत नव्हता.

११/ १८४२ मध्ये कुटुंब केंटमधील डाउन गावी राहायला गेले. १८४४ च्या उन्हाळ्यापर्यंत नैसर्गिक निवडीच्या सिद्धांतावर सुमारे २३० पानांचा निबंध तयार झाला. प्रकृतीची शाश्वती नव्हती म्हणून ५ जुलै १८४४ रोजी डार्विनने मृत्युपत्रासारखे एक पत्र लिहिले : आपण अचानक गेलो तर हा निबंध प्रसिद्ध करावा, त्यासाठी ४०० पौंड राखून ठेवावेत आणि योग्य संपादक शोधावा. हे पत्र होते एमाला.

१२/ त्याचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या विचाराने आपल्या पतीचा धर्मापासूनचा दुरावा वाढेल असे तिला वाटत होते, तोच विचार जगापुढे आणण्याची जबाबदारी त्याने तिच्यावर सोपवली. तिने निबंध वाचलाही. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव पायरीपायरीने घडला असावा, या ठिकाणी तिने समासात शेरा मारला की हे फार मोठे गृहीतक आहे. मित्रांपैकी कोणाही कठोर टीकाकाराने हाच मुद्दा काढला असता.

१३/ पत्नीला दुखवू नये म्हणून डार्विनने ग्रंथ वीस वर्षे दडवून ठेवला, असे अनेकदा सांगितले जाते. १८४४ चे पत्र या समजुतीशी जुळत नाही. मधल्या काळात तो हातावर हात ठेवून बसलेलाही नव्हता : १८४६ ते १८५४ ही आठ वर्षे त्याने समुद्रातील खडकांना आणि जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नकल या कवचधारी प्राण्यांच्या अभ्यासात घालवली. एमाचे दुःख त्याला सलत होते, हे खरे. तिने त्याची लेखणी अडवली, याला मात्र आधार नाही.

१४/ डाउनमधला रविवार या घराची रीत दाखवतो. एमा मुलांना बायबल शिकवी आणि गावच्या अँग्लिकन चर्चमध्ये नेई. श्रद्धावचन म्हणताना सारी मंडळी वेदीकडे वळत, तेव्हा डार्विन कुटुंब मात्र न वळता तसेच उभे राही. ही युनिटेरियन वळणाची निशाणी. चार्ल्सने पुढे प्रार्थनेला जाणे सोडले. कुटुंब चर्चमध्ये असताना तो फिरायला जाई. तरीही गावचे पाद्री जॉन ब्रोडी इनेस हे त्याचे स्नेही होते आणि गावच्या परस्पर-साहाय्य संस्थेचे हिशेब तो तीस वर्षे सांभाळत होता.

१५/ डॉ. रॉबर्ट यांनी ज्या कसोटीची धास्ती घातली होती, ती १८५१ मध्ये आली, पण मुलीच्या आजारपणाच्या रूपाने. दहा वर्षांची ॲनी आजारी पडली. चार्ल्स तिला जलोपचारासाठी माल्व्हर्नला घेऊन गेला. एमाचे दिवस भरत आले होते, म्हणून ती डाउनलाच राहिली. चार्ल्स रोज पत्राने तिला खबर देत राहिला. २३ एप्रिल १८५१ रोजी ॲनी गेली. आठवड्याभराने त्याने लेकीच्या आठवणी लिहून काढल्या.

१६/ ॲनीच्या मृत्यूने डार्विनची उरलीसुरली ख्रिस्ती श्रद्धा संपवली, असे काही इतिहासकार मानतात. पुरावा तितका थेट नाही, असे इतर म्हणतात. स्वतः डार्विनच्या सांगण्यानुसार अश्रद्धा इतक्या संथ गतीने आली की तिचा त्रास जाणवला नाही. एमाविषयी कन्या हेन्रिएटा लिहिते की, आई या दुःखातून कधीच पुरती सावरली नाही. आघात एकच होता. लेक पुन्हा भेटेल ही आशा मात्र दोघांना सारखी उपलब्ध नव्हती.

१७/ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध झाले. १८६१ च्या जूनमध्ये, चार्ल्सची प्रकृती बिघडलेली असताना, एमाने पुन्हा पत्र लिहिले. त्याच्या वेदना पाहून तिला होणारे दुःख तिने सांगितले आणि आपल्याला प्रार्थनेत जो आधार मिळतो तो त्यालाही मिळावा, अशी इच्छा व्यक्त केली. या पत्रावरही चार्ल्सची छोटी टीप आहे : देव तुझे भले करो, एवढीच. अश्रद्ध माणसाने पत्नीसाठी तिच्याच भाषेतले शब्द वापरले.

१८/ रोजच्या जगण्यात हा मतभेद कमी आणि सोबत अधिक होती. एमा त्याची शुश्रूषा करी, कादंबऱ्या वाचून दाखवी, पियानो वाजवी. रोज संध्याकाळी बॅकगॅमनचे दोन डाव ठरलेले. डार्विन त्यांचा हिशेबही ठेवी : १८७६ मध्ये त्याने अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना कळवले की एमाने २४९० डाव जिंकले, आपण २७९५!

१९/ १८७९ मध्ये एका पत्रात त्याने स्पष्ट केले की देवाचे अस्तित्व नाकारणारा नास्तिक आपण कधीच नव्हतो. 'अज्ञेयवादी' हे वर्णन अधिक योग्य. १८८० मध्ये एडवर्ड एव्हलिंग या निरीश्वरवादी लेखकाला आपला ग्रंथ डार्विनला अर्पण करायचा होता. डार्विनने नकार दिला. धर्मावर थेट हल्ला करणे आपण टाळत आलो, असे सांगून त्याने पुढे लिहिले की, कुटुंबातील काहींना दुःख होईल या विचाराचा आपल्यावर कदाचित वाजवीपेक्षा जास्त प्रभाव पडला असेल. हे पत्र कार्ल मार्क्सला लिहिले होते, असा समज अनेक वर्षे प्रचलित होता.

२०/ १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विनचे निधन झाले. आपल्याला मरणाची मुळीच भीती वाटत नाही, तू किती चांगली पत्नी होतीस हे लक्षात ठेव, असे त्याने एमाला सांगितले. मृत्युशय्येवर तो पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला, ही कथा 'लेडी होप' या नावाने १९१५ मध्ये अमेरिकेत छापली गेली. हेन्रिएटाने १९२२ मध्ये तिचे जाहीर खंडन केले. पतीच्या अशा परिवर्तनाचा सर्वाधिक आनंद जिला झाला असता, त्या एमाने तसे काहीही लिहून ठेवलेले नाही.

२१/ मागे राहिले आत्मचरित्राचे हस्तलिखित. त्यात चार्ल्सने लिहिले होते की ख्रिस्ती शिकवण खरी असेल, तर आपले वडील, भाऊ आणि बहुतेक सारे जिवलग मित्र अनंतकाळ शिक्षा भोगतील; असा सिद्धांत निंद्य आहे. एमाने हा भाग गाळण्यास सांगितले. पण तिचा शेरा नीट वाचायला हवा. अश्रद्धेसाठी अनंत शिक्षा या कल्पनेवर कितीही कठोर टीका केली तरी ती थोडीच, असे ती म्हणते. मात्र आता फार थोडे लोक यालाच ख्रिस्ती धर्म म्हणतील.

२२/ म्हणजे तिचीही श्रद्धा जिथल्या तिथे थांबली नव्हती. ज्या शिकवणीने तिचा पती तिच्यापासून कायमचा तुटला असता, त्या शिकवणीला तिच्या धर्मात जागा नव्हती. धर्म न सोडता तिने त्यातील ही भीती नाकारली. कोण जिंकले असे इथे विचारता येत नाही. चार्ल्स तिच्या श्रद्धेकडे परतला नाही आणि एमाने ती टाकली नाही; पण दोघांनीही तो भयंकर सिद्धांत नाकारला, त्याने जळजळीत शब्दांत आणि तिने समासातल्या टिपेत.

२३/ पुत्र फ्रान्सिसने १८८७ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले, ते काटछाट करून. काय छापावे यावरून भावंडांतही तीव्र मतभेद झाले. गाळलेला सुमारे सहा हजार शब्दांचा मजकूर नात नोरा बार्लो हिने १९५८ मध्ये परत छापला. डार्विनची अश्रद्धा किती स्पष्ट होती, हे त्याच्या शब्दांत वाचायला जगाला ७१ वर्षे अधिक थांबावे लागले. एका घराने पाळलेले मौन इतिहासाच्या साधनांतही असे उतरते.

२४/ डार्विनला डाउनच्या चर्चच्या आवारात चिरविश्रांती हवी होती. पण मित्रांच्या आणि सहकाऱ्यांच्या आग्रहाने २६ एप्रिल १८८२ रोजी त्याचे दफन लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले. एमा त्या समारंभाला गेली नाही. २ ऑक्टोबर १८९६ रोजी ती वारली आणि तिला गावच्या चर्चच्या आवारातच मूठमाती मिळाली. अश्रद्ध पतीची समाधी इंग्लंडच्या सर्वांत प्रतिष्ठित चर्चमध्ये आहे. श्रद्धावान पत्नीची, तिथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. (थ्रेड समाप्त)