तोडलेलं पाणी

आमच्या आजीचं माहेर घोडेगाव आणि सासरही घोडेगावच. वरच्या आळीत जन्मली, खालच्या आळीत दिली. वरात निघाली ती घोडेश्वरीच्या देवळाला वळसा घालून परत गावातच आली, असं ती स्वतःच हसत सांगायची. त्यामुळे तिच्या गोष्टींना गावाबाहेरची वाट फारशी नसे. शुक्रवारचा जनावरांचा बाजार, बाजारात हरवलेली म्हैस आणि ती सापडेपर्यंत उपाशी राहिलेलं घर, बहात्तरच्या दुष्काळात फोडलेली खडी, मिलोच्या लाल भाकरी. एक गोष्ट मात्र ती सांगायला बसायची आणि अर्ध्यावर सोडून उठायची. ती पुरी ऐकायला मिळाली तेव्हा माझी चाळिशी आली होती.

तिच्या धाकट्या भावाची गोष्ट. आजी तेव्हा नऊ वर्षांची, तो सहा-सात वर्षांचा. मृगाचा पाऊस पडून गेलेला, आडाला गढूळ पाणी चढलेलं, आणि गावात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरलेली. "सकाळी गोऱ्ह्यावानी हुंदडत व्हता," आजी म्हणायची, "आन् दिवं लागायच्या टायमाला डोळं पार खोल गेलं. बोटं अशी सुरकुतली, जशी दिसभर धुनं धुतल्यावर. पोटाच्या कातडीला चिमटा घेतला तर चिमटा तसाच ऱ्हायचा." शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं शरीरातलं पाणी संपल्याची लक्षणं इतकी नेमकी सांगावीत, याचं मला पुढे फार नवल वाटलं. तो सारखा पाणी मागत होता. पण पाणी तोडायचं ठरलं होतं. ढाळ लागले की पाणी तोडायचं, पाण्यानं ढाळ वाढतात, हे तेव्हा घरोघर पक्कं होतं. आजी तांब्या भरून उंबऱ्यापर्यंत गेली, तर चुलत्यानं तो हातातून काढून घेतला.

इथं आली की आजी उठायची. म्हशीला पेंड घालायची असायची, नाहीतर वळचणीचं काही काढायचं असायचं.

मग ती मरीआईच्या गाड्यावर यायची. बांबूचा छोटा गाडा, त्यात देवी, लिंबं, हिरवं कापड. पोतराजाचा कोरडा कडकडायचा आणि सगळा गाव गाडा ओढत शिवेपर्यंत जायचा. शिवेपलीकडे गाडा ढकलला की आपली बला टळली. पुढचं गाव काय करायचं? ते आणखी पुढच्या शिवेत ढकलायचं. आम्ही पोरं यावर हसायचो. आता वाटतं, त्या लोकांनी इलाज चुकीचा धरला, पण रोगाची चाल बरोबर ओळखली होती. पटकी गावामागून गावं घेत, रस्त्यानं आणि जत्रेनंच तर जायची.

शब्दाची एक गंमत इथंच सांगून टाकते. अपचनाला आपण अजून 'मोडशी' म्हणतो. गोव्यात हा शब्द पोर्तुगिजांच्या कानी पडला. तिथला वैद्य गार्सिया द ओर्ता यानं १५६३ च्या आपल्या ग्रंथात त्याच शब्दानं पटकीचं वर्णन केलं. पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याच शब्दाचं रूप असं झालं की त्याचा अर्थ 'कुत्र्याचं मरण' असा निघू लागला. आमच्या आजीच्या शिव्यांत 'पटकी' होती, 'मोडशी' नव्हती. मोडशी ओव्याच्या अर्कानं बरी व्हायची.

पुढे आजी सासूबरोबर पंढरीला जाऊ लागली, तेव्हा वाटेत नाक्यावर कॉलऱ्याची सुई टोचायचे. बायका एकमेकींच्या पदराआड लपायच्या. दंड सुजायचा, ताप भरायचा, आणि तरी 'टोचून घेतलंय ना आता, काही होत नाही' असा धीर वाटायचा. त्या सुईची वंशावळ मोठी आहे. वाल्डेमार हाफकिननं १८९२ मध्ये पॅरिसात पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये तो हिंदुस्थानात आला. कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यानं एक शहाणपणाची गोष्ट केली. एकाच घरातली काही माणसं टोचलेली, काही न टोचलेली. पाणी तेच, अंगण तेच. मग कोण आजारी पडतं ते मोजायचं. मुंबईतल्या ज्या संस्थेला त्याचं नाव आहे ती प्लेगच्या लसीमुळे, पण मोजायचा हा हिशेब त्यानं आधी पटकीवर मांडला. १९६० च्या दशकात कलकत्ता, फिलिपिन्स आणि पूर्व पाकिस्तान इथं जास्त काटेकोर चाचण्या झाल्या. टोचलेल्यांतल्या फार तर निम्म्यांना आणि तेही काही महिन्यांपुरतंच संरक्षण मिळतं, असं दिसलं. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रवाशांवरची या सुईची सक्ती काढून टाकली. आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती आधी चिडली. "मंग आमचं दंड कशाला सुजिवलं?"

पण खरा इलाज सुईत नव्हताच. तो पाण्यात होता, आणि तेही तोंडानं पाजायच्या. पटकीत आतडं नुसतं पाणी धरून ठेवत नाही. मात्र पाण्यात योग्य मापानं साखर आणि मीठ असलं, तर साखरेचा हात धरून मीठ आतड्याच्या भिंतीतून आत जातं आणि मिठामागं पाणी. रोगातही ही वाट बंद होत नाही. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांवर हे तपासलं. शिरेतून द्यायच्या सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. तरी डॉक्टरांचा विश्वास बसेना. एवढा मोठा रोग, आणि इलाज सरबत?

विश्वास बसवला तो १९७१ नं. बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालच्या बनगावला येऊन पडले होते, पटकी पेटली होती, सलाइन संपलं होतं. तिथं डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांच्या पुड्या करून पिंपांत कालवल्या, आणि नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. एरवी अशा छावण्यांत शंभरातले तीस जायचे. तिथं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. आयांनी, बहिणींनी, वाटीनं पाणी पाजून. महालनाबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना त्यानंतर मिळाला. आमच्याच जिल्ह्यात, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या बायकांना आरोग्याची कामं शिकवली. लिटरभर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे त्या बायकांच्या तोंडून घराघरांत गेलं. आमच्या आईला ते ठाऊक होतं. आजीला पटत नव्हतं. नातवंडांना जुलाब लागले की ती अजूनही म्हणायची, "पानी कमी द्या."

२०११ साली माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला घोडेगावी आली. मुलगा झाला. सव्वा महिन्यानं तिला पोचवायला आम्ही आजीसह निघालो. तिचं सासर शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकच्या बाजूला. आमच्या गावावरून जाणारा हमरस्ता धरून नगर ओलांडायचं, कोरेगाव भीमाशी वळायचं. वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम आहे, डॉ. बानू कोयाजींनी सुरू केलेलं. तिथल्या ताई तिसऱ्याच दिवशी घरी आल्या. तान्ह्या मुलांच्या जुलाबावरच्या नव्या लसीची चाचणी चालू होती. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, पोलिओच्या डोसाबरोबर, तोंडात काही थेंब.

ताईंनी कागद वाचून दाखवला. रोटा नावाचा विषाणू, तान्ह्यांचा जीव घेणारे जुलाब. लसीसाठीचा विषाणू दिल्लीच्या 'एम्स'मध्ये १९८५-८६ च्या सुमाराला अशा नवजात बाळाच्या शीत सापडलेला, की ज्याला लागण होती पण जुलाब नव्हते. डॉ. महाराज किशन भान यांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि तोच वाण मवाळ लस म्हणून हैदराबादच्या कंपनीनं तयार केला. (हे भानांचं मी नंतर वाचलं, कागदात एवढं नव्हतं.) मग ताई म्हणाल्या, तीनातल्या दोघांना लस मिळेल, एकाला लस नसलेले थेंब. कुणाला काय, ते आम्हालाही माहीत नाही.

आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. "म्हंजे येकाला रिकामं थेंब?"

"हो आजी. पण आजारी पडलं तर उपचार सगळ्यांना सारखेच. आठवड्याला चौकशी करू आम्ही."

"म्हंजे कुनाचं तरी पानी तुमीबी तोडलं म्हना की."

ताई गप्प झाल्या. त्या वाक्याला मी आजही पुरतं उत्तर देऊ शकत नाही. परदेशी कंपन्यांच्या रोटाच्या लशी तेव्हा भारतात विकत मिळत होत्या, मग रिकामे थेंब का, असा आक्षेप जाणत्या लोकांनीही घेतला. पण त्या लशी महाग, सरकारी दवाखान्यात नव्हत्या, आणि आपल्याकडच्या मुलांच्या पोटात ही नवी लस किती चालते ते कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटतं, पाणी तोडणाऱ्या चुलत्याची खात्री पक्की होती. या ताईंना खात्री नव्हती, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. हा फरक मला मोठा वाटतो. आजीला वाटला का, माहीत नाही. बहिणीनं सही केली. पुढे भाच्याला एकदा जुलाब झाले, तेव्हा शीचा नमुना घ्यायला डबी आली. आजी म्हणाली, "घान जपून ठेवनारी मानसं पयल्यांदाच पाह्यली."

मे २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला. सविस्तर आकडे पुढच्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आले. दिल्ली, वढू आणि वेल्लोर मिळून ६,७९९ बाळं. लस मिळालेली ४,५३२, न मिळालेली २,२६७. रोटाचे गंभीर जुलाब लस मिळालेल्यांत ७१ वेळा, न मिळालेल्यांत ७६ वेळा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीच फसले. सारखेच की! मग घोडेगावच्या कांदा मार्केटची आठवण झाली. एक वक्कल पंचेचाळीस गोण्यांचं, दुसरं तेवीस गोण्यांचं; दोन्हींत सडके कांदे जवळपास तेवढेच निघाले, तर कुठला माल बरा? हिशेबानं लसीचा गुण ५३.६ टक्के, पहिल्या वर्षापुरता ५६.४. पंचावन्न मुलांना लस दिली की एकाचं गंभीर दुखणं टळतं. आतड्यात आतडं अडकायची भीती होती, कारण अमेरिकेत १९९९ मध्ये रोटाची एक लस त्यापायी मागे घेतली गेली होती. इथं लशीच्या गटात तसे सहा, दुसऱ्यात दोन रुग्ण निघाले. एवढ्याशा आकड्यांवर कुणी शपथ घेऊ नये, आणि त्यावर वाद झालेही. मार्च २०१६ पासून ही लस चार राज्यांत सरकारी लसीकरणात आली. २०१९ पर्यंत रोटाची लस महाराष्ट्रातही पोचली.

पण मला सांगायचंय ते २०१३ च्या त्या उन्हाळ्याचं. बहीण पोराला घेऊन माहेरी आली होती, निकालाची बातमी मी वाचून दाखवत होते. निम्मीच मुलं वाचतात का, असं आजीनं विचारलं. म्हटलं, तसं नाही. बाकीच्यांना मीठ-साखरेचं पाणी आहेच. आणि पुन्हा एकदा बनगावची गोष्ट सांगितली: पिंपं, वाट्या, पाजत बसलेल्या बहिणी. या वेळी ती उठली नाही.

"मी रातीला गेले व्हते," ती म्हणाली. "समदी निजल्यावर. परकराचा काठ भिजिवला आन् त्याच्या तोंडात पिळला. दोन डाव. चोखला त्यानं. पहाटं गेला."

कुणी काही बोललं नाही.

"मला वाटायचं, म्या मारला."

सत्तरेक वर्षं हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आजोबांनाही नाही. मी म्हटलं, आजी, पाण्यानं नाही गेला तो. पाणी कमी पडलं म्हणून गेला. तू दिलंस तेवढंच त्याला मिळालं. तिनं मान हलवली, पण ती दुसराच काही हिशेब करत होती.

"नुसतं पानी चालत न्हाई म्हनलीस ना? साखर लागती."

"हो. नाहीतर गूळ. आणि मीठ."

"गूळ व्हता घरात," आजी म्हणाली. "फडताळात व्हता."