जुन्या गोव्यातील पाषाण आणि मुळगावची देवी

मुळगावच्या रहिवाशास जुन्या गोव्यातील संग्रहालय पाहावयाचे असल्यास एक जुना जलमार्ग आजही उपलब्ध आहे. डिचोलीवरून नार्व्यास यावे, फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरावे आणि बेटाच्या दुसऱ्या बाजूस पुन्हा फेरीबोट धरून मांडवीचे पात्र ओलांडावे. पलीकडे, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चला लागून असलेल्या जुन्या मठात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६४ साली स्थापन केलेले संग्रहालय आहे.

या संग्रहालयात दोन प्रकारचा इतिहास एकाच छपराखाली नांदतो. एका दालनात पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांची सुमारे साठ तैलचित्रे आहेत. ही चित्रमालिका दों जुआंव द कास्त्रो याने १५४७ साली सुरू केली. पुढील शतकांत त्यांतील अनेक चित्रांवर पुन्हा पुन्हा रंग चढविण्यात आला. आपले नाव व रूप मागे राहावे याची व्यवस्था राज्यकर्त्यांनी स्वतःच करून ठेवली होती.

दुसरीकडे कदंबकालीन वीरगळ उभे आहेत. त्यांच्या खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, असा क्रम सामान्यतः आढळतो. काही वीरगळांवर चक्क नौकायुद्ध कोरलेले आहे. गोपकपट्टण बंदरावरून राज्य करणाऱ्या कदंबांचे आरमारी सामर्थ्य या शिळांवरून ध्यानात येते. परंतु तेथे लढून पडलेल्या कित्येकांची नावे मात्र काळाच्या उदरात गेली आहेत.

तिसवाडीतील मंदिरे सोळाव्या शतकात उद्ध्वस्त झाली. कदंबांचे आराध्यदैवत श्रीसप्तकोटेश्वर यास भक्तांनी दिवाडीवरून नदीपार नार्व्यास नेले. आजचा प्रवासी ज्या वाटेने संग्रहालयाकडे येतो, त्याच वाटेने तो देव उलट दिशेस गेला. शिवाजी महाराजांनी १६६८ साली नार्वे येथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अंमलाखाली आले. पहिल्या काळातील मूर्तिभंजनाचा आवेश तोवर ओसरला होता. यामुळेच या नव्या काबिजादींत जुनी ग्रामदैवते आपापल्या स्थानी राहिली.

मुळगावची श्रीकेळबाई ही अशीच एक ग्रामदेवता होय. शिरगावची लईराई, मयेची महामाया, पेडणे महालातील मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हीदेखील त्यांतलीच एक, अशी लोकश्रद्धा आहे. दोन हत्ती कलशांतून जिच्यावर जलाभिषेक करीत आहेत, त्या गजलक्ष्मीस या भागात केळबाई म्हणतात. म्हादईच्या खोऱ्यातील काही गजलक्ष्मींच्या शिल्पांत नौकाही दिसते. पणजीच्या राज्य संग्रहालयाच्या संग्रहातही गजलक्ष्मीची शिल्पे आहेत. तेथे तिच्यापुढे समई नसते. गावात मात्र तिला वर्षाचे उत्सव आहेत, कौल आहे, माहेर-सासरचे नाते आहे.

तथापि गावातील पाषाणही सुरक्षित आहेत असे समजण्याचे कारण नाही. भंगलेली मूर्ती पूजेस अयोग्य मानली जाते. जीर्णोद्धाराच्या वेळी नवी मूर्ती येते आणि जुनी पाण्यात विसर्जित होते, अथवा एखाद्या वडाखाली ऊनपाऊस सोशीत पडून राहते. अशा मूर्तीस संग्रहालयाने आश्रय देणे हे उपकारकच आहे. मात्र ती कोणत्या गावची, कोणत्या नावाने तिला हाक मारीत, तिचा उत्सव कोणत्या तिथीस होई, ही हकीकत तिच्याबरोबर आली नाही, तर उरतो तो केवळ एक सुबक दगड. ही माहिती आज गावोगावच्या वृद्धांच्या स्मरणात आहे. ती लिहून ठेवण्याचे काम पुरातत्त्वखात्यावर सोपवून भागणार नाही; ते गावकऱ्यांनीच, मूर्ती देवळात आहे तोवर, केले पाहिजे.